छतावरची वीज आणि घरचा हिशेब

घरावर सौरसंच बसविला म्हणजे वीजबिल शून्य होते काय, हा प्रश्न अलीकडे ग्रामसभेत, शाळेतील शिक्षकांच्या खोलीत आणि तहसील कचेरीच्या आवारात वारंवार कानी पडू लागला आहे. विचारणाऱ्याला बहुधा 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते. संच विकणारा 'होय' म्हणतो. ज्याचा अनुभव बरा नाही असा शेजारी 'नाही' म्हणतो. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असू शकतात. मात्र कोणत्या घराला कोणते उत्तर लागू पडेल, हे त्या घराचे वर्षभराचे वीजबिल, त्याचे छप्पर आणि त्या छपरावर पडणारी सावली यांवरून पैसे गुंतविण्यापूर्वीच सांगता येते. पंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्याकडे लोक विश्वासाने सल्ला मागावयास येतात. त्यांना हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन मांडून दाखविता यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रकाशापासून वीज

सूर्यप्रकाशापासून विद्युतप्रवाह मिळू शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमों बेकरेल यांनी १८३९ मध्येच दाखवून दिले होते. परंतु त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलच्या बाबतीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले आहे. आपल्या देशात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक उपक्रमाने १९७७ मध्ये पहिला सौरघट तयार केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जेच्या अपारंपरिक साधनांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. केंद्र शासनाने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला, तर महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाची, म्हणजेच 'महाऊर्जा'ची नोंदणी झाली. त्या काळी सौरऊर्जा म्हटली की सूर्यचूल आणि पाणी तापविण्याचे बंब एवढेच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे येई. छतावर वीज तयार करून ती सार्वजनिक तारांत सोडता येईल, ही कल्पना तेव्हा कोणाही गृहस्थाला स्वप्नवत वाटली असती.

सौरघटात तयार होणारी वीज एकदिश प्रवाहाची असते, तर घरातील दिवे-पंखे उलटसुलट प्रवाहावर चालतात. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. दुकानदार घरोघरी विकतात तो बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर निराळा आणि हा निराळा. नाव एकच असल्याने घोटाळा होतो व त्याचा परिणाम पुढे पाहावयाचाच आहे.

नेट मीटर म्हणजे काय?

सूर्य तळपत असतो तेव्हा, म्हणजे दुपारी, घरातील माणसे शेतावर, शाळेत किंवा कचेरीत असतात. विजेची गरज वाढते ती दिवेलागणीनंतर. ही विसंगती दूर करण्यासाठी पूर्वी बॅटऱ्या वापराव्या लागत आणि त्यांच्या खर्चानेच योजना कोलमडत असे. नेट मीटरच्या पद्धतीत सार्वजनिक वीजजाळे हीच आपली बॅटरी होते. दुपारची शिल्लक वीज मीटरमधून बाहेर जाते, रात्रीची गरजेची वीज आत येते, मीटर दोन्ही मोजतो आणि महिन्याच्या अखेरीस वजाबाकी करून बिल निघते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने यासाठी प्रथम २०१५ मध्ये व नंतर २०१९ मध्ये विनियम केले.

एखाद्या महिन्यात घराने वापरली त्याहून अधिक वीज बाहेर दिली, तर ती युनिटे पुढील महिन्याच्या खात्यावर जमा होतात. मार्च-एप्रिलमध्ये साठलेली पुंजी पावसाळ्यात उपयोगी पडावी, अशी ही रचना दिसते खरी. परंतु आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते हे विसरून चालत नाही. वर्षअखेरीस उरलेली युनिटे वितरण कंपनी आयोगाने ठरविलेल्या दराने विकत घेते आणि हा दर आपण विजेसाठी मोजतो त्या दरापेक्षा पुष्कळच कमी असतो. गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचा धंदा करू पाहणाऱ्या गृहस्थाची म्हणूनच निराशा होते. स्थिर आकारही बिलात राहतोच, कारण तारा, खांब व रोहित्रे यांचा उपयोग घर करीतच असते. 'शून्य बिल' याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, तो यासाठी. दिवसाच्या निरनिराळ्या वेळांना निरनिराळे दर लावण्याच्या पद्धतीमुळे वजाबाकीचे नियमही वेळोवेळी बदलतात. त्यामुळे संच घेण्यापूर्वी आयोगाचा चालू आदेश उपविभागीय कार्यालयातून समजावून घेणे हिताचे ठरते.

आधी बिल, मग संच

संचाची निवड बिलापासून सुरू झाली पाहिजे. व्यवहारात ती बहुधा विक्रेत्याच्या पत्रकापासून सुरू होते, ही खरी अडचण आहे.

ढोबळ मानाने १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे वीज देतो. ही वर्षाची सरासरी आहे. आभाळ भरून आलेल्या आषाढात ती पुष्कळ खाली जाते. घरगुती वीजबिलावर मागील महिन्यांच्या वापराची नोंद छापलेली असते. बारा महिन्यांची बेरीज करून तिला १२ ने भागावे आणि येणाऱ्या संख्येला १२० ने भागावे, म्हणजे किती किलोवॉटचा संच पुरेल ते कळते. केंद्र शासनाच्या मार्गदर्शनानुसारही महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घराला १ ते २ किलोवॉट, १५० ते ३०० युनिटांसाठी २ ते ३ किलोवॉट आणि त्याहून अधिक वापरासाठी ३ किलोवॉटच्या वरचा संच योग्य मानला जातो.

आता पैशाची बाजू. घरगुती विजेचा दर सरसकट एक नसतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० युनिटांचा दर त्या मानाने बराच चढा आणि त्यापुढील टप्पे आणखी महाग, अशी आपल्याकडील रचना आहे. सौरसंचाने वापर कमी होतो तो वरच्या टप्प्याकडून. अर्थात पहिला फायदा महागड्या युनिटांवर होतो आणि शेवटी स्वस्त युनिटांवर. यातून निघणारा निष्कर्ष थोडा कटू आहे: ज्याचे बिल मोठे त्याची बचत भरभर होते, ज्याचे बिल लहान त्याची सावकाश.

उदाहरणादाखल दोन घरे कल्पू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पहिल्या घरात महिन्याला ३०० युनिटे लागतात. ३ किलोवॉटच्या संचाचा सर्व खर्च १ लाख ८० हजार रुपये आला व ७८ हजार रुपये अनुदान मिळाले, तर पदरचे १ लाख २ हजार रुपये गेले. वाचलेल्या युनिटाची सरासरी किंमत ९ रुपये धरली, तर महिन्याला २,७०० व वर्षाला ३२,४०० रुपये वाचतात, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आत मुद्दल वसूल होते. दुसऱ्या घरात महिन्याला ९० युनिटेच लागतात. १ किलोवॉटच्या संचाला ६५ हजार रुपये पडले, अनुदान ३० हजार मिळाले, पदरचे ३५ हजार गेले. येथे वाचणारी सर्व युनिटे स्वस्त टप्प्यातील असल्याने सरासरी ६ रुपयेच धरावे लागतात. बचत महिन्याला ५४० रुपये, वर्षाला ६,४८० रुपये. मुद्दल सुटण्यास जवळजवळ साडेपाच वर्षे लागतात. पॅनेलची हमी साधारणतः २५ वर्षांची असल्याने हा सौदाही तोट्याचा नव्हे. पण शेजाऱ्याचे सव्वातीन वर्षांचे गणित ऐकून ज्याने कर्ज काढले, त्याच्या हप्त्यांची ओढाताण होणार हे उघड आहे. गावात सल्ला देणाऱ्याने नेमका हाच फरक सांगितला पाहिजे.

या हिशेबात एक खर्च लोक हमखास विसरतात. पॅनेल पाव शतक टिकले तरी इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. त्या अवधीत तो निदान एकदा तरी बदलावा लागेल असे धरून थोडी रक्कम बाजूस ठेवावी.

अनुदान आणि त्याच्या अटी

पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील १ कोटी घरांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर करण्यात आली. पहिल्या २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॉटसाठी १८ हजार रुपये आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये, असे अनुदानाचे प्रमाण आहे. गृहनिर्माण संस्थांना सामाईक दिवे, पाण्याचे पंप इत्यादींसाठी दर किलोवॉटला १८ हजार रुपये मिळतात. बँकांकडून विनातारण कर्जाचीही सोय करण्यात आली आहे.

अनुदान संच चालू झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते; तोपर्यंत सर्व रक्कम त्यालाच उभी करावी लागते. पॅनेल व त्यातील सौरघट दोन्ही भारतात तयार झालेले असले पाहिजेत आणि काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करून घेतले पाहिजे. अशा पुरवठादारावर पहिली ५ वर्षे देखभालीची जबाबदारी असते. करारपत्रात ही अट शब्दांत लिहिलेली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावयाचा असून, २०२४ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक तपासणीवाचून मंजुरी मिळाली असे समजले जाते. ही सवलत ज्यांना ठाऊक नाही, असे अर्जदार अजूनही कचेरीत खेटे घालताना दिसतात.

सावलीचा धडा

१ किलोवॉटच्या संचाला सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल स्थानिक अक्षांशाच्या आसपास, आपल्या राज्यात १५ ते २० अंश, ठेवतात. सिमेंटची गच्ची सर्वांत सोयीची. पत्र्यावरही संच बसतो, मात्र खालचे लोखंडी सांगाडे मजबूत हवेत. जुन्या माळवदी घरांवर किंवा वाळवी लागलेल्या वाशांच्या कौलारू छपरावर, जाणकाराने भार तपासल्याशिवाय, असा प्रयोग करू नये. किनारपट्टीवर वादळवाऱ्याचा आणि खाऱ्या हवेने गंजण्याचा विचार विशेष करावा लागतो.

जागेइतकेच महत्त्व सावलीला आहे. प्रस्तुत लेखकाने सोलापूर जिल्ह्यातील आपल्या घरावर २०२४ च्या मे महिन्यात ३ किलोवॉटचा संच बसवून घेतला. मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो; गच्चीवर सावलीचे नाव नव्हते. डिसेंबर उजाडला तसे मोबाइलवर दिसणारे उत्पादनाचे आकडे दुपारी तीननंतर एकाएकी घसरू लागले. चार दिवस इन्व्हर्टरला दोष दिला. पाचव्या दिवशी प्रत्यक्ष गच्चीवर जाऊन पाहिले, तेव्हा जिन्याच्या खोलीची सावली कडेच्या दोन पॅनेलांवर पसरलेली आढळली. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात. माळेतील एकावर सावली आली की त्याचा ताण साऱ्या माळेवर पडू शकतो. बसविणाऱ्याने मे महिन्यातील गच्ची पाहिली आणि घरमालकानेही तेच केले, एवढाच काय तो अपराध. ती दोन पॅनेले पुढे सरकविण्यासाठी सांगाड्याचे काम पुन्हा करावे लागले आणि त्याचा खर्च हिशेबात कोठेच धरलेला नव्हता.

सोलापूर-पुण्याच्या अक्षांशावर १ मीटर उंचीच्या कठड्याची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही जवळजवळ ९० सेंटिमीटर लांब पडते. सकाळ-संध्याकाळी ती कितीतरी लांबते. पाण्याची टाकी, शेजारचे नारळाचे झाड, डिशची छत्री यांचा विचार याच मापाने करावा. शेजारी मजला चढविण्याच्या बेतात असेल, तर तेही विचारून घ्यावे.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा समजही पुरता बरोबर नाही. विजेसाठी प्रकाश हवा, उष्णता नव्हे. सौरघट तापू लागला की २५ अंश सेल्सिअसच्या पुढे दर अंशाला त्याची क्षमता सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते आणि कडक उन्हात पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज जाते. म्हणून पॅनेलच्या खालून वारा खेळता राहील असे अंतर ठेवतात. माघ-फाल्गुनातील स्वच्छ व थोडा गार दिवस वैशाखातील होरपळीच्या दिवसापेक्षा सरस ठरतो, तो यामुळेच. धूळ पुसावयाची तर सकाळी लवकर, मऊ फडक्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वाळले की क्षारांचा पांढरा थर राहतो. शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरावे.

वीज गेली तर?

ज्या प्रश्नावरून सर्वांत अधिक मनस्ताप होतो, तो हा. गावची वीज गेली की छतावर लख्ख ऊन असूनही घरातील पंखा थांबतो. पैसे देऊन संच बसविला आणि फसलो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही रचना हेतुपुरस्सर आहे. तार तुटली म्हणून वीज बंद करून लाइनमन खांबावर चढला असता एखाद्या घराच्या छतावरून त्याच तारेत वीज येत राहिली, तर त्याच्या जीवावर बेतेल. म्हणून बाहेरचा पुरवठा थांबताच इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. भारनियमनावर उपाय म्हणून संच घेणाऱ्याला बॅटरीसह चालणारी मिश्र पद्धती घ्यावी लागेल. तिचा खर्च अधिक असतो. विक्रेता ही गोष्ट आपण होऊन सांगेलच असे नाही. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली तरी पुष्कळ भांडणे टळतील.

कोणाच्या छतावर?

३ किलोवॉटचा एक संच वर्षाला चार हजारांहून अधिक युनिटे देतो. आपल्याकडील वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होते आणि राज्यातील एकट्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. दर युनिटामागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरले, तर एका घरामागे वर्षाला सुमारे ३ टन उत्सर्जन टळते. शिवाय वीज जेथे तयार होते तेथेच वापरली गेल्याने दूरच्या तारांतून होणारी गळतीही वाचते. संध्याकाळच्या मागणीसाठी औष्णिक व जलविद्युत केंद्रे लागतातच; म्हणून पाण्याचा पंप, इस्त्री, पिठाची घरगुती गिरणी ही कामे दुपारी उरकण्याची सवय सर्वांच्याच सोयीची आहे.

परंतु या लाभाची वाटणी सारखी नाही. भाड्याच्या घरात राहणारा, गावठाणातील सामाईक वाड्यात एका खोलीचा मालक असणारा, झोपडीवजा घरातील शेतमजूर यांच्याकडे छतच नसते किंवा असले तरी त्यावर हक्क सांगणारे अनेक असतात. त्यातच वर दाखविल्याप्रमाणे लहान बिल असणाऱ्याची बचत सावकाश होते. ही उणीव ध्यानात घेऊन राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांना केंद्राच्या अनुदानाशिवाय जादा साहाय्य देणारी योजना मंजूर केली. अशा कुटुंबांची यादी तयार करणे, घराच्या नोंदीतील नावांचा घोळ मिटविणे आणि भाऊबंदांकडून गच्चीच्या वापरास संमती मिळवून देणे ही कामे मुंबईत बसून होणारी नाहीत. ती पंचायतीच्या कार्यालयातच व्हावयास हवीत.

पंचायतींना यात प्रत्यक्ष लाभही आहे. आपल्या क्षेत्रात बसविलेल्या प्रत्येक घरगुती संचामागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहनपर देण्याची तरतूद केंद्रीय योजनेत आहे. तसेच प्रत्येक जिल्ह्यात स्पर्धेतून एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला १ कोटी रुपये अर्थसाहाय्य देण्याचे ठरले आहे. पाच हजारांहून अधिक लोकवस्तीची गावे त्यात भाग घेऊ शकतात. लहान गावांनी म्हणून निराश होण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. गुजरातमधील मोढेरा, जेथे अकराव्या शतकातील सूर्यमंदिर आहे, तेथील घरांवर सौरसंच बसवून ऑक्टोबर २०२२ मध्ये ते देशातील पहिले चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून घोषित झाले. तेथे मात्र घरांवरील संचांच्या जोडीला मोठे सौरकेंद्र आणि बॅटऱ्यांचा साठाही उभारलेला आहे, हे तुलना करताना विसरू नये.

शिक्षकांसाठी यातून एक सोपा उपक्रम निघतो. सातवी-आठवीच्या मुलांना घरचे वीजबिल वर्गात आणावयास सांगून बारा महिन्यांची सरासरी काढून घ्यावी. मग डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी उभी रोवून सकाळी दहा, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता तिच्या सावलीची लांबी व दिशा मोजून घ्यावी. तीच मापे मुलांनी आपापल्या गच्चीवरील टाकीला व कठड्याला लावून पाहावीत आणि छताच्या नकाशावर तिन्ही वेळांच्या सावल्या रेखाटाव्यात. ज्या जागेवर एकही रेघ आली नाही, तेवढीच जागा संचासाठी मोजावी.